सात नंबर

सोहारच्या शाळेमागे, जिथे कुंपण संपतं
आणि पाण्याचा टँकर वळवायला जागा सोडलीये,
तिथे मुकादम सरांचं कोर्ट.
एक खांब लोखंडी, दुसरा दिव्याचा.
नेट मधोमध झोललेलं.
असू दे, म्हणायचे, बुटक्यांनाही वाटू दे
आपण उडतो.

मे महिन्यात संध्याकाळी पाचलासुद्धा जमीन भाजायची.
आधी पाइपने पाणी, मग चुना,
मग आम्ही.
समुद्रावरून दमट वारं सुटलं की
माझी सर्व्हिस हमखास नेटमध्ये.
"बाय, वाऱ्याला शिव्या घालू नको गो.
तो पण हितं नोकरीलाच आलाय."

हर्णैहून आले ते दोन वर्षांच्या करारावर.
कौलं बदलायची होती, बहिणीचं लग्न होतं.
कौलं बदलली, बहीण आजी झाली,
करार वाढत राहिला
एकतीस वर्षं.
त्यात कप किती, ते विचारू नका.
फायनल एकदाच, मस्कतला,
तिसरा सेट, तेरा-पंधरा.
परतताना दाद करीमनं बसमधला रेडिओ लावला नाही.
सर पुढच्या सीटवर मोसंबी सोलत बसले,
एकेक फोड मागे पाठवत.
शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

संघ असा कधी टिकलाच नाही.
ब्लॉकला उंच मुलगी मिळावी
तर तिच्या वडलांची कंपनी बंद.
लिफ्टर तयार व्हावी, तर गेली कोट्टयमला,
कायमची, सहामाहीच्या आधीच.
सर चिडायचे नाहीत. कागदावर चौकोन काढून
सहा जागा पुन्हा भरायचे, शिसपेन्सिलीनं.
म्हणून टी-शर्टवर नावं नव्हती, नुसते नंबर.
नाव लिहायचं कॉलरच्या आत, बॉलपेननं,
तेही टी-शर्ट परत करण्याच्या दिवशी.
हा सरांचा नियम.
सातच्या कॉलरमध्ये माझ्याआधी
शीबा, तझीन, अनुपमा डी.,
आणि एक पुसट, रेणुका किंवा रेबेका.

ते बारा टी-शर्ट सर स्वतः धुवायचे.
खालच्या बेकरीवाल्याला बाल्कनीकडे बघून कळायचं
काल मॅच झाली.
निळे बारा.
कधी अकराच असले तर समजायचं
कोणीतरी विसरून घेऊन गेलं.

एका मार्चमधले ते अकरा माझ्यामुळे.
बाबांना कंपनीनं तीस दिवस दिले.
फ्रीज विकला, सोफा विकला,
मांजर शेजारच्या पंजाब्यांना दिलं.
सेमीफायनल रविवारी, विमान शनिवारी.
माझ्या अंगात स्वेटरखाली सात नंबर.
विसरले नव्हते.

दहा वर्षांनी मी पुन्हा इथे,
बंदरातल्या ऑफिसात, बाबांसारखीच
दर दोन वर्षांनी शिक्का मारून घेणारी.
बेकरीवाला म्हणाला, मास्टर जा रहे हैं, परसों.

दार उघडंच होतं.
खोलीभर पुठ्ठ्याची खोकी, मध्ये वजनकाटा,
आणि सर जमिनीवर पाय लांब करून,
गुडघे आता मुडपत नाहीत,
बहिणीसाठी घेतलेले कप गुंडाळत होते
निळ्या टी-शर्टांत.
शाळेला नवं सभागृह मिळालंय, म्हणाले,
थंडगार. नवे टी-शर्ट, पाठीवर छापील नावं.
हे टाकायला सांगितलेले.

मी पिशवीतून सात काढला.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
कॉलर उलटी केली,
हजेरी घ्यावी तसं वाचलं.
रेणुका, म्हणाले. रेबेका नव्हं.
मग माझ्याकडे न बघता
खिशातलं पेन पुढे केलं.
चालेना. त्यांनी टोकाला तोंडची वाफ दिली,
तळव्यावर रेघोट्या ओढल्या,
निळी उमटेपर्यंत.

लिहून झालं तसा टी-शर्ट
माझ्या हातून घेतला त्यांनी.
"बरा आणलास," म्हणाले,
"किटलीला काय गावत नव्हतं."